रिकंबंट सायकलला मोटर आणि बेल्ट: क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत एकच बेल्ट टाकता येईल का?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

लोखंडी रिकंबंट (पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची सायकल) आहे. एमएस (साधं लोखंड) चौकोनी पाइपची फ्रेम, मधली नळी एकच. पुढचं चाक २० इंची, मागचं २६. क्रँक पुढे बूमवर (फ्रेमच्या पुढे आलेल्या नळीवर) आहे आणि बूम आतबाहेर सरकतो, कारण घरात दोघं चालवतात आणि दोघांच्या उंचीत बराच फरक आहे. सध्या मागे ७ स्पीडचा डिरेलर (चेन एका चक्क्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा) आहे. तीन चेन जोडून एक केली आहे आणि ती दोन आयडलरवरून (मोकळ्या फिरणाऱ्या चक्क्यांवरून) जाते. धूळ, ग्रीस आणि खडखड यांना कंटाळलो.

विचार असा की चेन काढून क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत एकच बेल्ट टाकायचा आणि २५० वॉटची मोटर बसवायची. वापर जळगाव ते भुसावळ आणि परत, म्हणजे रोज ५० किमीच्या आसपास. मे महिन्यातही चालली पाहिजे. लेथ आणि वेल्डिंगची सोय एमआयडीसीत आहे. बेल्ट कोणता, मोटर कुठे आणि बॅटरी कोणती, हे जाणकारांनी सांगावं.

लेथवरचा (धुळे)

भाऊ, एकच बेल्ट हा विचार सोडा. बूम सरकवला की क्रँक आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर बदलतं. चेनच्या चार कड्या काढता-घालता येतात, बेल्टचं तसं नाही. तो बंद कडं म्हणूनच येतो. शिवाय दीड मीटर अंतराला सव्वातीन मीटरचा बेल्ट लागेल, आणि एवढ्या लांब मोकळ्या पट्ट्याला खड्ड्यात उसळी बसली की तो फडफडतो आणि दात सोडतो. मध्ये आयडलर घालावा तर बेल्ट पाठीकडून वाकतो. बारीक आयडलरवर उलटा वाकवला की आतल्या दोऱ्या तुटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. डिरेलर तर बेल्टवर चालतच नाही. गिअर हवे असतील तर ते हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आतले घ्या.

रस्ता असा आहे: सीटखाली एक मधला शाफ्ट घाला. क्रँक ते शाफ्ट चेनच राहू द्या, मोटरही त्याच शाफ्टवर आणा, आणि शाफ्ट ते मागचं चाक एवढ्याच टप्प्यात बेल्ट टाका. हा टप्पा आखूड आहे, बूम कुठेही असला तरी तो बदलत नाही, आणि मागच्या चाकाची धूळ सगळ्यात जास्त इथेच बसते. बेल्टचा खरा फायदा इथे आहे.

शाफ्ट २० मिमी, ईएन८ पोलादाचा. बेअरिंग ६००४, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं. चावी (शाफ्टवरचा भाग घसरू न देणारी पट्टी) ६ बाय ६. दोन्ही बाजूंच्या प्लेटा ६ मिमी एमएस. प्लेट फ्रेमला थेट वेल्ड करू नका. २५ मिमी लांबीचे गाळे (लांबट खाचा) कापून एम८ बोल्टने बसवा आणि मागून एक ढकलबोल्ट द्या, म्हणजे बेल्टचा ताण शाफ्ट सरकवून धरता येईल. मोटर त्याच प्लेटांवर बसवली की शाफ्ट सरकला तरी मोटरची छोटी चेन जशीच्या तशी राहते. हे आधी ठरवलं नाही तर बेल्ट ताणताना दर वेळी मोटरची चेन ढिली पडते.

शाफ्टवर दोन फ्रीव्हील लागतील, एक पायांसाठी आणि एक मोटरसाठी. एकच ठेवलं तर मोटर चालू असताना पेडल आपोआप फिरतं, किंवा मोटर बंद असताना तिचा गिअरबॉक्स पायांनी ओढावा लागतो. साध्या काळ्या सायकलचं १८ दाती फ्रीव्हील कुठल्याही दुकानात मिळतं, आटे १.३७५ इंच आणि २४ टीपीआय (इंचाला २४ आटे). लेथवर तशा आट्यांच्या दोन स्लीव्ह करून चावीने शाफ्टवर बसवा. दोन्ही फ्रीव्हील उजव्या बाजूलाच हवीत. डाव्या बाजूला साधं फ्रीव्हील लावलं तर ते उलटं पकडतं, आणि उलटं वळवून बसवलं तर ओढ आली की आट्यातून सुटत जातं.

आता दातांचं गणित. चेनव्हील ४४, फ्रीव्हील १८, म्हणजे शाफ्ट क्रँकच्या २.४४ पट फिरतो. बेल्टची पुढची पुली ४० दाती, मागची ४८ दाती. एकूण गुणोत्तर २.०४ येतं, आतल्या गिअरच्या हबला हे बरं. दोनच्या बरंच खाली नेलं की हबच्या आत टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो आणि गिअर सटकायला लागतात.

शाफ्ट आधी वेगात फिरवून मागे पुन्हा कमी का करायचं, हा प्रश्न येईलच. ताकद तेवढीच असली तर बेल्ट जितका जोरात पळेल तितकी त्याच्यावरची ओढ कमी. पेडलवर ६० किलोचा जोर आणि १७० मिमीची क्रँक धरली तर क्रँकवर १०० न्यूटन-मीटर, शाफ्टवर ४१. आठ मिमी पिचच्या (दोन दातांतलं अंतर) ४० दाती पुलीची त्रिज्या ५१ मिमी, म्हणजे बेल्टवर ८२ किलोची ओढ. तीच पुली २८ दाती घेतली तर ११७ किलो. त्यावर मोटरची ओढ वेगळी. लोक जागा वाचवायला बारीक पुली टाकतात आणि मग बेल्टला नावं ठेवतात. रिकंबंटला तर पाठ टेकून वजनापेक्षा जास्त जोर लावता येतो, त्यामुळे ६० किलो हा आकडा कमीच समजा.

बेल्ट ८एम एचटीडी (८ मिमी पिच, गोलसर दात), १४४० मिमी, ३० मिमी रुंद. या दातांना शाफ्ट ते ॲक्सल अंतर ५४४ मिमी येतं. ५एम घेऊ नका, दात उथळ असतात आणि चढावर उड्या मारतो. गाडीच्या इंजिनचा टायमिंग बेल्ट लांबी जुळते म्हणून घेण्याच्याही भानगडीत पडू नका. त्याच्या दातांचा आकार वेगळा, त्याला बसणारी मोकळी पुली मिळत नाही.

यावल रोड

वरच्या मांडणीला पूर्ण सहमत. मोटर-बॅटरीचं मी सांगतो.

या मांडणीला २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअरबॉक्सवाली ब्रश मोटर सोपी पडते, एमवाय१०१६झेड२ नावाने विकतात. बाहेरचा दातेरी चक्का ९ दाती असतो आणि त्यावर साधी जाड सायकल-चेन बसते. लोडवर साधारण ३०० ते ३३० फेरे, मोटरच्या पट्टीवर वाचून घ्या. मोटरच्या बाजूचं फ्रीव्हील १८ ऐवजी १६ दाती घ्या, म्हणजे शाफ्ट १८० फेऱ्यांच्या आसपास फिरेल आणि पायांची लय मिनिटाला ७४ फेऱ्यांवर जुळेल. ८ स्पीडच्या नेक्सस (आत गिअर असलेल्या शिमानोच्या) हबवर सरळ गिअरला (पाचवा) १८ किमी, सातव्याला २५-२६ किमी वेग येतो. आठव्यात मोटर २९-३० पर्यंत ओढेल, तिथे कायदा आडवा येतो.

नियम तीन आकड्यांचा आहे: मोटरची अर्ध्या तासाची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. यात बसलं आणि तपासणी संस्थेने तसं प्रमाणित केलं तर ते मोटार वाहन धरत नाहीत, नोंदणीही नाही. पेडल-असिस्ट असेल तर २५ ला मोटरची मदत थांबली पाहिजे. म्हणून वेगमर्यादा लावता येणारा कंट्रोलर बघा आणि करंट १५-१६ अँपिअरवर बांधा. बाजारात २५-३० अँपिअरचे सर्रास मिळतात. सुटताना ते मोटरला दुप्पट टॉर्क देतात आणि तो सगळा बेल्ट आणि हबवर येतो.

हबचा एक मुद्दा राहिला. नेक्सस घेताना उलट पेडल मारून ब्रेक लागणारा प्रकार घेऊ नका. मधल्या शाफ्टवर फ्रीव्हील असल्यामुळे उलटं पेडल हबपर्यंत पोचतच नाही. ब्रेक लागणार नाही, आणि हे रस्त्यावर कळलं तर उशीर झालेला असेल. ब्रेकच्या मुठीत मोटर बंद करणारं स्विच हवंच. तसंच एक बटण गिअरच्या मुठीजवळ द्या, गिअर बदलताना क्षणभर दाबायला. मोटरची ओढ चालू असताना आतले गिअर नीट बसत नाहीत आणि खटकन आवाज येतो. त्या आवाजाने हबचं आयुष्य जातं.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेट, ८ सेल ओळीत, २५.६ व्होल्ट. ३२७०० आकाराचे ६ एएचचे (अँपिअर-तास) ४० सेल (८ ओळीत, ५ जोडीला) म्हणजे ३० एएच, ७६८ वॉट-तास. पेडल मारत २२-२३ च्या वेगाला रिकंबंट किलोमीटरला ८ ते १० वॉट-तासांत निघते. पावसाळ्यापूर्वीचा पश्चिमेचा वारा समोरून आला तर हाच आकडा १४ वर जातो, आणि भुसावळहून परत येताना तो समोरूनच असतो. ५० किमीला २० एएच काठावर पडेल, म्हणून ३०. चार्जर २९.२ व्होल्टचा, लिथियमचाच. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा चार्जर लावू नका.

मे महिन्याचं म्हणाल तर चालवण्यापेक्षा चार्जिंगची काळजी जास्त. या सेलची चार्जिंगची हद्द बहुतेक ४५ अंश असते, आणि ती हवेची नाही, सेलची. आपल्याकडे दुपारी हवाच ४४-४५ ला असते. पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावाल तर एक तर बीएमएस (बॅटरी जपणारं सर्किट) चार्जिंग तोडेल किंवा स्वस्तातला असेल तर तोडणारच नाही, आणि दुसरं जास्त वाईट. रात्री उशिरा किंवा पहाटे लावा. पेटी सीटच्या पाठीमागे नको, तिथे दिवसभर ऊन. सीटखाली, शाफ्टच्या पुढे, सावलीत ठेवा. पेटी आणि फ्रेममध्ये रबर, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच, वायर ४ चौरस मिमी.

पेडल सेन्सर (पेडल फिरतंय हे कंट्रोलरला कळवणारा) क्रँकवर बसतो, म्हणजे वायर बूमवरून येणार. बूम पूर्ण बाहेर काढून वायर मोजा आणि वेटोळं ठेवा. नाहीतर घरातला उंच माणूस बसेल त्या दिवशी वायर तुटेल.

तापीकाठ

मंडळी, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तीन शंका. बेल्ट बंद कडं आहे तर फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून आत कसा जाणार, उजवा पाइप कापावा लागेल ना? दुसरं, पुढच्या चाकात हब मोटर टाकून मागे नुसता बेल्ट ठेवला तर? आणि आमचं घर गावाबाहेर आहे, शेवटचे दोन किमी काळ्या मातीतले.

पुली आणि पाना (भुसावळ)

पाइप कापायची गरज पडेलच असं नाही. चेनच्या सायकलीत चेनव्हील पाइपच्या बाहेर आणि मागचा चक्का आत असतो, म्हणून पाइप चेनच्या कड्यातून आरपार जातो. तुम्ही शाफ्ट नव्यानेच बसवताय, तर पुढची पुलीही पाइपच्या आतल्या बाजूलाच ठेवा आणि उजवी बेअरिंग-प्लेट पाइपच्या रेषेत बाहेर घ्या. मग बेल्ट पूर्ण आत राहतो. बदलताना शाफ्ट डावीकडे ओढून काढायचा, चाक उतरवायचं, झालं.

पण तसं केलं की ३० मिमीचा बेल्ट अडचणीत येतो. ८ स्पीड नेक्सस हब १३२ मिमीचा, त्याच्या चक्क्याची मध्यरेषा ड्रॉपआउटपासून (ॲक्सल बसते त्या फ्रेमच्या खाचेपासून) साधारण २४ मिमी आत. तिथे ३० मिमी पुली आणि तिच्या कडा धरल्या की आतली कड स्पोकला लागते. बाहेर सरकवली तर ड्रॉपआउटला. म्हणून पॉलीचेन जीटी कार्बन नावाचा बेल्ट घ्या, ८ मिमी पिच, २१ मिमी रुंद, लांबी तीच १४४०. पॉलियुरेथेनचा पट्टा आणि आत कार्बनच्या दोऱ्या, त्यामुळे कमी रुंदीत जास्त ओढ सोसतो. महाग आहे आणि मागवावा लागतो. लक्षात ठेवा, याची पुली आणि एचटीडीची पुली एकमेकांना चालत नाहीत. पिच दोन्हींचं ८ असल्यामुळे दुकानदार "बसतंय की" म्हणून देतो. बसतं, पण दाताच्या मुळाशी टेकत नाही, आणि महिनाभरात दात सोलले जातात. पट्टा नि पुली एकाच नावाची घ्या.

पुली मागवण्याआधी जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून (४८ दाताला व्यास १२२ मिमी) हबवर आणि शाफ्टच्या जागी लावून बघा. मागच्या पुलीला हबचा तीन खाचांचा स्टीलचा चक्का २२ दाती घ्या, त्याचे दात ग्राइंडरने उडवा आणि तो पुलीला पाच एम५ बोल्टने बांधा, हाय टेन्साइल. ॲल्युमिनियमच्या पुलीत थेट तीन खाचा कापू नका, खाचा रुंदावत जातात.

फ्रेम कापावीच लागली तर तुमची लोखंडी आहे म्हणून जमेल. उजवा वरचा पाइप कापून दोन्ही टोकांना ६ मिमीच्या जिभा, एकमेकींवर चढवून दोन एम८ बोल्ट. हे वाचणाऱ्या कुणाची ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर तिला हात लावू नका. वेल्डच्या शेजारचा भाग मऊ पडतो आणि पुन्हा उष्णतेचा संस्कार केल्याशिवाय ताकद परत येत नाही.

पुढच्या हब मोटरला माझा विरोध नाही. मागच्या बेल्टवरचा भार कमी होतो हा तिचा मोठा गुण. पण २० इंची चाकाला तशीच गुंडाळलेली मोटर लागेल: २५ किमीला २६ इंची चाक २०० फेरे फिरतं, २० इंची २८० च्या आसपास. २६ ची मोटर टाकली तर १८ वरच दम सोडेल. आणि टॉर्क-आर्म (ॲक्सल फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय चिमट्यात बसवू नका. ॲक्सल फिरला की आधी वायर पिळवटून तुटतात, मग चिमटा फाकतो.

केळीबाग (रावेर)

काळ्या मातीबद्दल मी वेगळं म्हणेन, भो. सुकी धूळ बेल्टला काही करत नाही. पावसात ओली काळी माती मात्र पुलीच्या दातांच्या खोलगटीत थापून बसते, आणि पट्टा जणू मोठ्या व्यासाच्या पुलीवर चढतो. ताण एकदम वाढतो. मग दोन गोष्टी होतात: बेअरिंग कुरकुरतं, किंवा पट्टा दात सोडून उडी मारतो. उडी मारलेला पट्टा वरून ठणठणीत दिसला तरी आतल्या दोऱ्या दुखावलेल्या असतात, पुढचा भरवसा धरू नये. गेट्सच्या सायकल-बेल्टला मध्ये चीर असते आणि पुलीला बाहेर पडायला मोकळी जागा, म्हणून तो चिखल फेकतो. पण त्याचं पिच ११ मिमी आहे, वरच्या ८ मिमीच्या पुल्यांवर तो चालणार नाही. पॉलीचेनसारख्या कारखान्यातल्या बेल्टला दोन्ही बाजूंनी कडा असलेली पुली लागते, तिथे चिखल अडकणारच.

दोन किमीच असेल तर मडगार्ड खालपर्यंत आणा, शाफ्टच्या पुलीसमोर जाड रबराचा पडदा सोडा (ट्रकच्या मडफ्लॅपचा तुकडा चालतो), आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरी पोचल्यावर बादलीभर पाणी आणि नरम ब्रश. पाण्याखेरीज काही नको. चेनच्या सवयीने तेल, डिझेल मारू नका. घरापर्यंतचा सगळाच रस्ता मातीचा असता तर मी बेल्ट नको, चेनच ठेवा म्हटलं असतं.

पुढच्या चेनला नळी घाला. आपल्याकडे ठिबकची १६ मिमी लॅटरल कुठेही पडलेली असते, काळी, उन्हाला टिकणारी. चेन तिच्यातून आवाज न करता जाते आणि कपडे वाचतात. १२ मिमीची नको, चेन घासते. एक टोक फ्रेमला बांधा, दुसरं मोकळं सोडा. तोंडं गरम करून भोंग्यासारखी रुंद करा. चेनचा जोड रिव्हेटचा ठेवा, क्लिपचं लॉक नळीच्या तोंडाशी अडकतं. वर्ष-दीड वर्षात नळी आतून झिजते, तेव्हा नवा तुकडा. ड्रिपर बसवलेली लॅटरल मात्र घेऊ नका, आत अडथळा असतो.

तापीकाठ

मग मांडणी नक्की: मागे आठ स्पीड हब, पॉलीचेन २१ मिमी, मोटर शाफ्टवर. बूम आत घेतल्यावर चेन ढिली पडेल तिचं काय? आणि बेल्टचा ताण बघायचा कसा? मोबाइलवर आवाज ऐकून सांगणारं ॲप आहे म्हणतात.

लेथवरचा (धुळे)

चेनला तुमच्याच जुन्या डिरेलरचा पिंजरा टेन्शनर म्हणून लावा, परतीच्या बाजूला, म्हणजे खालच्या. ओढीच्या बाजूला लावाल तर स्प्रिंग प्रत्येक पेडलला खेचली जाईल. बूम ७-८ सेंटिमीटर सरकला तर १५ सेंटिमीटर, म्हणजे बारा कड्या गोळा व्हायला हव्यात, लांब पिंजऱ्यात तेवढ्या मावतात. जाड चेन पिंजऱ्याला घासली तर दोन्ही पत्र्यांत एकेक वॉशर. लांबी बूम पूर्ण बाहेर काढून मोजा.

ॲपचे आकडे नेहमीच्या सायकलच्या अंतराला बांधलेले असतात. मोकळा पट्टा लांबला की तेवढ्याच ताणाला सूर खाली येतो, त्यामुळे ॲप "ढिला आहे" सांगत राहील आणि तुम्ही बेअरिंग मारून टाकाल. वजनाने बघा. मोकळा भाग ५४४ मिमी, त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे साडेआठ मिमी. पट्ट्याच्या मधोमध साडेतीन किलो वजन टांगलं (पिशवीत तीन किलो गहू आणि अर्धा किलो तूरडाळ) आणि तो साडेआठ मिमी दबला तर ताण बरोबर. वरून सरळ पट्टी धरून दबाव मोजा. चाक पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी बघा. एका ठिकाणी घट्ट आणि समोर ढिला लागला तर पुलीचा बोअर मध्यावर नाही, लेथवाल्याकडे परत.

दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडांना दोरा लावा. एक मिमीपेक्षा जास्त फट नको. रिकामी सायकल असताना जुळवून समाधान मानू नका. एकाला सीटवर बसवून, पुढचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्यायला सांगा आणि तेव्हा दोरा बघा. एकच मधली नळी असलेली फ्रेम पिळते, आणि बहुतेक बेल्ट कडेने खातात ते त्या पिळाने. दोन मिमीच्या वर फट गेली तर शाफ्टच्या प्लेटांपासून सीटच्या मागच्या आधारापर्यंत २५ मिमी पाइपची तिरपी टेकू द्या, दोन्ही बाजूंनी. पहिल्या शंभर किमीनंतर ताण पुन्हा तपासा, नवा पट्टा थोडा बसतो. चढवताना पट्टा पान्याने उचकटून पुलीच्या कडेवरून ओढू नका. शाफ्ट पूर्ण मागे, चाकाकडे सरकवून मोकळेपणा घ्या, त्यासाठीच ते २५ मिमीचे गाळे.

यावल रोड

हायवेवर जाणार आहात तर सीटच्या मागे पाच-सहा फुटांची लवचिक काठी आणि भगवा किंवा फ्लोरोसंट झेंडा लावा. केळीच्या ट्रकच्या केबिनमधून एवढ्या खाली बसलेला माणूस दिसत नाही. काठी बॅटरीच्या पेटीला नको, फ्रेमलाच बांधा.